तुरुंगातला खासदार, साठ दिवसांची गैरहजेरी आणि सभागृहाची परवानगी : नियम नेमके काय सांगतात?

पटलावर

एखादा खासदार किंवा आमदार अटकेत गेला की दोन टोकाची विधाने वाचायला मिळतात. एक, "साठ दिवस गेला नाही की खासदारकी आपोआप जाते." दुसरे, "जनतेने निवडून दिलाय, त्याला अधिवेशनाला न्यावेच लागेल." दोन्ही चुकीची आहेत. या विषयावरचे नियम एका जागी यावेत म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी. कोण दोषी, कोण निर्दोष यावर इथे चर्चा नको, फक्त नियम आणि त्यांची अंमलबजावणी.

मूळ तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद १०१(४) मध्ये आहे. संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस सर्व बैठकींना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त झाल्याचे जाहीर करू शकते. विधानसभा आणि विधान परिषदेसाठी हीच तरतूद अनुच्छेद १९०(४) मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत आहे.

यातल्या तीन गोष्टी नीट वाचायला हव्यात. पहिली, "परवानगीशिवाय". कारण तुरुंगवास आहे की आजारपण, याचा घटनेत उल्लेखच नाही. परवानगी घेतली की नाही, एवढेच पाहायचे. दुसरी, "सर्व बैठकींना". मध्ये एक दिवस जरी सदस्य सभागृहात येऊन बसला तरी सलग गैरहजेरी तुटते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तिसरी, "करू शकते". जागा आपोआप रिकामी होत नाही. तसा प्रस्ताव सभागृहात यावा लागतो आणि मंजूर व्हावा लागतो.

गणपूर्ती

चांगला विषय. सर्वात जास्त घोटाळा साठ दिवसांच्या मोजणीत होतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

१०१(४) ला जोडून एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे. सत्रसमाप्ती झालेली असेल तो काळ, आणि सभागृह सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकूब असेल तो काळ, साठ दिवसांत धरायचा नाही. म्हणजे दोन अधिवेशनांमधले महिने गळतात. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधली सुटीही गळते. पण शनिवार-रविवार मोजले जातात, कारण ती तहकुबी दोनच दिवसांची असते. गुरुवार-शुक्रवारी सण आला आणि पुढे शनिवार-रविवार, तर सलग चार दिवस झाले. "चारपेक्षा जास्त" नाहीत, म्हणून चारही मोजायचे. सोमवारीही बैठक नसेल तर पाच झाले आणि मग पाचही दिवस वगळायचे. नुसता पाचवा दिवस वगळायचा नाही.

म्हणून "साठ बैठका" असे जे म्हटले जाते ते बरोबर नाही आणि "दोन महिने" तर अजिबातच नाही.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पंजाबातील खडूर साहिबचे खासदार अमृतपाल सिंग २०२४ मध्ये निवडून आले तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली दिब्रुगडच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. मार्च २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात केंद्राने सांगितले की लोकसभेने त्यांना ५४ दिवसांची रजा मंजूर केली आहे. ते ५४ असे :

२४ जून ते २ जुलै २०२४ : ९ दिवस
२२ जुलै ते ९ ऑगस्ट २०२४ : १९ दिवस
२५ नोव्हेंबर ते २० डिसेंबर २०२४ : २६ दिवस

ही अधिवेशनांची पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतची कॅलेंडरची मोजणी आहे, शनिवार-रविवार धरून. निवडून आल्यापासून डिसेंबरअखेर सहा महिने उलटले होते, पण काट्यावर ५४ च दिवस पडले. पुढचे अधिवेशन ३१ जानेवारी २०२५ ला सुरू झाले. रजा मिळाली नसती तर ५ फेब्रुवारीला साठ भरले असते.

आणखी एक बारकावा. त्यांनी शपथ घेतली ५ जुलै २०२४ रोजी, लोकसभा अध्यक्षांच्या दालनात. त्या दिवशी सभागृहाची बैठक नव्हती, त्यामुळे शपथेला आले म्हणून मोजणी तुटली नाही. आणि रजेचा पहिला तुकडा शपथेच्या आधीचा आहे. म्हणजे निवडून आलेला माणूस शपथ घेण्याआधीही या मोजणीसाठी सदस्यच धरला गेला. "अजून शपथ झाली नाही, घड्याळ सुरू झालेले नाही" असे धरून बसणे धोक्याचे आहे.

वाचकखूण

फार उपयुक्त माहिती. एक शंका : मराठी वाचकांना ओळखीचे उदाहरण म्हणून संजय राऊत यांचे पाहता येईल का? ते तीन महिन्यांहून जास्त आत होते, तरी खासदारकीचा प्रश्न आला नाही.

गणपूर्ती

येईल कसा? १ ऑगस्ट २०२२ ला अटक, ९ नोव्हेंबरला जामीन. साधारण शंभर दिवस. पण राज्यसभेचे पावसाळी अधिवेशन ८ ऑगस्टला संपले आणि हिवाळी अधिवेशन ७ डिसेंबरला सुरू झाले. शंभरातले आठच दिवस मोजणीत येतात. रजेचा अर्ज केला नसता तरी साठच्या जवळपासही आकडा गेला नसता.

तारांकित

अटकेनंतर सभागृहाला कळवण्याची पद्धत इथे यायला हवी, कारण पुढचे सगळे तिथून सुरू होते.

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतला नियम २२९ : सदस्याला फौजदारी गुन्ह्यात अटक झाली, न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली किंवा प्रशासकीय आदेशाने स्थानबद्ध केले, तर संबंधित न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा प्रशासकीय अधिकाऱ्याने ते ताबडतोब अध्यक्षांना कळवायचे. कारण लिहायचे, कुठे ठेवले आहे ते ठिकाण लिहायचे. यासाठी नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत ठरलेला नमुना आहे. नियम २३० सुटकेबद्दल : जामिनावर सुटला, अपील चालू असताना सुटला, निर्दोष ठरला, तेही कळवायचे. नियम २३१ प्रमाणे अध्यक्ष ही माहिती सभागृह चालू असेल तर वाचून दाखवतात, नसेल तर बुलेटिनमध्ये, म्हणजे सभागृहाच्या माहितीपत्रकात, छापली जाते. अटकेची माहिती सभागृहाला देण्याआधीच सुटकेचे पत्र आले, तर दोन्ही न सांगण्याची मुभा आहे. राज्यसभेत हेच २२२क आणि २२२ख मध्ये आहे.

चूक कुठे होते? पोलीस ठाणे वरिष्ठांना कळवते, वरिष्ठ गृह विभागाला, आणि अध्यक्षांचे पत्र मागे पडते. किंवा पत्र जाते पण त्यात कलमे असतात आणि ठिकाण नसते. किंवा एका तुरुंगातून दुसरीकडे हलवले जाते आणि नवे ठिकाण कळवले जात नाही. न कळवणे हा विशेषाधिकारभंग, म्हणजे सभागृहाच्या खास हक्कांचा भंग, ठरू शकतो, त्यामुळे संबंधित अधिकाऱ्याने हे पत्र त्याच दिवशी पाठवावे आणि पोच ठेवावी. कळवणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. फौजदारी अटकेसाठी अध्यक्षांची पूर्वपरवानगी लागत नाही. फक्त सभागृहाच्या आवारात अटक करायची असेल तर लागते, नियम २३२.

आणि महत्त्वाचे : पोलिसांचे हे पत्र म्हणजे सदस्याचा रजेचा अर्ज नव्हे. "मी तुरुंगात आहे हे अध्यक्षांना माहीतच आहे" हा बचाव नियमात बसत नाही. सभागृहाला माहीत असणे वेगळे, सभागृहाने परवानगी देणे वेगळे.

पायरीवरून

अधिवेशनाच्या आधी चाळीस दिवस आणि नंतर चाळीस दिवस अटक करता येत नाही असे ऐकले आहे. मग अधिवेशन चालू असताना अटक कशी होते?

तारांकित

ते चाळीस दिवसांचे संरक्षण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३५क मधले आहे. दिवाणी अटकेपुरतेच. फौजदारी गुन्हा, प्रतिबंधात्मक स्थानबद्धता यांना ते लागू नाही. के. आनंदन नंबियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये स्पष्ट केले की कायदेशीर आदेशाने स्थानबद्ध असलेल्या सदस्याला केवळ सदस्य म्हणून सभागृहात हजर राहण्याचा वेगळा हक्क सांगता येत नाही. अनुच्छेद १०५ चे भाषणस्वातंत्र्य सभागृहात असलेल्यासाठी आहे, तिथे पोहोचवण्याची हमी त्यात नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या समन्सवरून राज्यसभेत हाच मुद्दा निघाला होता. तेव्हाचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी ५ ऑगस्टला सांगितले की फौजदारी बाबतीत खासदार सामान्य नागरिकापेक्षा वेगळा नाही, आणि १९६६ मध्ये सभापती असलेल्या झाकीर हुसेन यांचा निर्णय दाखला म्हणून दिला. अधिवेशन आहे म्हणून पुढची तारीख मागता येते, एवढेच. न्यायालयात खटल्याची तारीख अधिवेशनात येत असेल तर वकिलामार्फत वैयक्तिक हजेरीतून सूट मागायची असते : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २२८ किंवा ३५५, जुन्या संहितेतले २०५ आणि ३१७.

समितीकक्ष

रजेच्या अर्जाबद्दल लिहितो. लोकसभा आणि राज्यसभा यांची पद्धत वेगळी आहे आणि ते बरेचदा एकत्र केले जाते.

लोकसभेत सभागृहाच्या बैठकींना गैरहजर सदस्यांविषयीची स्वतंत्र समिती आहे. पंधरा सदस्य, अध्यक्षांनी नेमलेले, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. सदस्याने अध्यक्षांच्या नावे लेखी अर्ज करायचा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा हवी आणि कारण काय, हे स्पष्ट लिहायचे. एका अर्जात ५९ दिवसांपेक्षा जास्त मागायचे नाहीत. जास्त लागले तर नवा अर्ज. अर्ज समितीकडे जातो, समिती शिफारस करते, अहवाल सभागृहात मांडला जातो, अध्यक्ष सभागृहाची संमती विचारतात आणि निर्णय सदस्याला कळवला जातो. मंजुरी समितीची नसते, सभागृहाची असते. समितीचे दुसरे काम : परवानगीशिवाय साठ किंवा जास्त दिवस गैरहजर असलेल्या प्रत्येक सदस्याचे प्रकरण तपासायचे आणि गैरहजेरी क्षमापित करावी की जागा रिक्त जाहीर करावी, हे सांगायचे. म्हणूनच मागच्या तारखांची रजाही नंतर मंजूर होऊ शकते. वर दिलेल्या ५४ दिवसांचे असेच झाले.

राज्यसभेत अशी समिती नाही. नियम २१४ खाली अर्ज आला की सभापती तो सभागृहाला सांगतात आणि परवानगी द्यावी का असे थेट विचारतात.

आता व्यवहारातल्या अडचणी. तुरुंगातून अर्ज अधीक्षकामार्फत जातो. सदस्याची सही हवी. पक्षाच्या कार्यालयाने किंवा स्वीय सहायकाने आपल्या सहीने पाठवलेले पत्र अर्ज म्हणून धरले जाईल असे समजू नये. "तुरुंगात असेपर्यंत" अशी मोघम मुदत लिहू नये, तारखा लिहाव्यात. प्रत्येक अधिवेशनाचे निमंत्रण आले की त्याच आठवड्यात त्या अधिवेशनापुरता अर्ज करणे सगळ्यात सुरक्षित. आवक-जावक क्रमांक टाकून प्रत ठेवावी आणि वकिलाकडेही एक द्यावी. तुरुंग प्रशासनाने अध्यक्षांकडे जाणारे पत्र अडवणे चालत नाही. सदस्याला सभागृहाशी पत्रव्यवहार करण्याचा हक्क स्थानबद्धतेतही राहतो, हे मद्रास उच्च न्यायालयाने १९५२ मध्येच मान्य केले आहे.

प्रतोद

एक भर. रजा मंजूर असताना मध्येच सदस्य सभागृहात आला तर उरलेली रजा रद्द होते. हे न्यायालयाच्या परवानगीने एक-दोन दिवसांसाठी येणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे. दोन दिवस हजेरी लावून तुरुंगात परत गेला की जुनी रजा संपलेली असते. उरलेल्या दिवसांसाठी पुन्हा अर्ज.

पायरीवरून

मग न्यायालय परवानगी देते की नाही? काहींना मिळते, काहींना नाही, याचे सूत्र काय?

प्रतोद

ठाम सूत्र नाही. हक्क नसल्यामुळे सगळे न्यायालयाच्या विवेकावर चालते. काही प्रकरणे पाहू.

पुण्याचे तेव्हाचे खासदार सुरेश कलमाडी एप्रिल २०११ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा प्रकरणात अटकेत होते. पावसाळी अधिवेशनाला जाऊ द्यावे ही त्यांची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये फेटाळली.

याउलट २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाला तुरुंगातले काही खासदार न्यायालयांच्या परवानगीने पोलीस बंदोबस्तात आले होते आणि मतदान करून परत गेले. सरकार राहणार की जाणार हे एकेका मतावर होते, त्यामुळे कारणाचे वजन वेगळे होते.

बारामुल्लाचे खासदार इंजिनिअर रशीद यांना दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ११ आणि १३ तारखेसाठी कस्टडी पॅरोल दिला, नंतर २६ मार्च ते ४ एप्रिल या काळात पोलीस ताब्यात राहून अधिवेशनाला जाण्याची मुभा दिली. कस्टडी पॅरोल म्हणजे जामीन नव्हे. माणूस कायद्याने ताब्यातच असतो : सकाळी तुरुंगातून नेतात, संसदेच्या सुरक्षा यंत्रणेकडे सोपवतात, कामकाज संपले की परत. मोबाइल, इंटरनेट, माध्यमांशी बोलणे बंद. सोबतच्या पोलिसांचा आणि प्रवासाचा खर्च कोणी उचलायचा, यावरून पुढे वेगळा वाद न्यायालयात गेला. अर्ज करणाऱ्या वकिलांनी खर्चाचा मुद्दा पहिल्याच अर्जात घ्यावा, नाहीतर आदेश हातात असून हजेरी अडते.

न्यायालयाने हो म्हटले म्हणजे झाले, असेही नाही. आम आदमी पक्षाचे संजय सिंह राज्यसभेवर फेरनिवडून आले तेव्हा तुरुंगात होते. शपथेसाठी न्यायालयाची परवानगी घेऊन ते ५ फेब्रुवारी २०२४ ला आले, पण प्रकरण विशेषाधिकार समितीपुढे असल्याने सभापतींनी शपथ होऊ दिली नाही. शपथ झाली १९ मार्चला. दोन दारे आहेत, तुरुंगाचे आणि सभागृहाचे. किल्ल्या वेगवेगळ्या हातांत.

वाचकखूण

२०२२ च्या जूनमध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना राज्यसभा निवडणुकीत मतदान करू दिले नाही, पण बहुमत चाचणीला जाऊ देणार होते. हा फरक का?

समितीकक्ष

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चे कलम ६२(५) : तुरुंगात असलेल्या किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्या व्यक्तीला कोणत्याही निवडणुकीत मतदान करता येत नाही. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा. १० जून २०२२ ची राज्यसभेची आणि २० जूनची विधान परिषदेची, या दोन्ही निवडणुका. आमदार तिथे मतदार म्हणून येतो. त्यामुळे विशेष न्यायालय आणि उच्च न्यायालयाने नकार दिला आणि परिषदेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम दिलासा नाकारला.

बहुमत चाचणी ही निवडणूक नाही. तो सभागृहातला ठराव आहे, तिथे ६२(५) येत नाही. म्हणून २९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने दोघांना दुसऱ्या दिवशीच्या चाचणीसाठी बंदोबस्तात नेण्यास परवानगी दिली. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिल्याने चाचणीच झाली नाही.

राष्ट्रपती निवडणूक तिसऱ्या प्रकारात मोडते. तिला १९५२ चा वेगळा कायदा आहे. जुलै २०१७ मध्ये छगन भुजबळ आणि रमेश कदम हे दोघे अटकेत असताना न्यायालयाच्या परवानगीने विधानभवनात येऊन राष्ट्रपतिपदासाठी मतदान करून गेले. पाच वर्षांच्या अंतराने महाराष्ट्रात दोन वेगळे निकाल दिसतात त्यामागे कायदाच वेगळा आहे, हे कुणी समजावून सांगत नाही.

शून्यप्रहर

साठ दिवसांचा नियम आणि दोषसिद्धीनंतरची अपात्रता यांची गल्लत थांबावी म्हणून हे लिहितो.

अटक, आरोपपत्र, खटला चालू असणे : यांपैकी कशानेही सदस्यत्व जात नाही. १९५१ च्या कायद्याचे कलम ८ दोषसिद्धीपासून लागू होते. ८(१) मधल्या गुन्ह्यांत नुसता दंड झाला तरी अपात्रता. ८(३) खाली कोणत्याही गुन्ह्यात दोन वर्षे किंवा जास्त कारावास झाला तर अपात्रता, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे. नेमकी दोन वर्षे झाली तरी ती "दोन वर्षांपेक्षा कमी नाही" यात बसते.

पूर्वी ८(४) मुळे विद्यमान सदस्याला अपिलासाठी तीन महिने आणि अपील केले तर निकालापर्यंत संरक्षण मिळे. १० जुलै २०१३ ला लिली थॉमस प्रकरणात ते कलम रद्द झाले. तेव्हापासून अपात्रता निकालाच्या दिवसापासून. राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ ला दोषी ठरवले, लोकसभा सचिवालयाची अधिसूचना २४ मार्चला निघाली आणि अंमल २३ पासून होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्टला दोषसिद्धीला स्थगिती दिली, ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळाले.

इथे सगळ्यात महागात पडणारी चूक : शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती एकच समजणे. शिक्षा स्थगित झाली की माणूस तुरुंगाबाहेर येतो. अपात्रता तशीच राहते. सावनेरचे आमदार सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँक प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. पुढे शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला, पण दोषसिद्धी कायम राहिल्याने २०२४ ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही. अपिलासोबतच्या अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या मांडाव्या लागतात आणि दोषसिद्धी स्थगित न झाल्यास न भरून येणारे नुकसान काय, हे वेगळे दाखवावे लागते.

दोषसिद्धीच्या वाटेवर सभागृहाचे मत घेतले जात नाही. गैरहजेरीच्या वाटेवर सभागृहाच्या मताशिवाय काही होत नाही. म्हणून दोन्हींची तुलना करू नये.

पायरीवरून

मंत्र्यांसाठी तीस दिवसांचा नियम आला आहे ना? तो खासदारांना लागू आहे का?

शून्यप्रहर

नियम आलेला नाही. २० ऑगस्ट २०२५ ला एकशे तिसावी घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे पाठवले गेले. त्यात पाच वर्षे किंवा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्याच्या आरोपावरून पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री सलग तीस दिवस ताब्यात राहिले तर एकतिसाव्या दिवशी पद जाण्याची तरतूद सुचवली आहे. ते मंत्रिपदाबद्दल आहे. सदस्यत्वाला त्याचा स्पर्श नाही.

गणपूर्ती

राज्य विधिमंडळाबद्दल एक निरीक्षण. १९०(४) मध्येही साठच दिवस आहेत, पण विधिमंडळाची अधिवेशने संसदेपेक्षा तोकडी. नागपूरचे हिवाळी अधिवेशन बरेचदा दोन आठवड्यांच्या आतबाहेर असते. २०२२ चे पाहा : १९ ते ३० डिसेंबर, मोजणीत बारा दिवस. अशा गतीने तुरुंगातल्या आमदाराचे साठ दिवस भरायला वर्षाहून जास्त काळ सहज लागतो. भुजबळ मार्च २०१६ ते मे २०१८ आत होते आणि आमदारकी टिकली. माझ्या मते हा नियमाचा कच्चा दुवा आहे. दिवसांची संख्या घटनेत पक्की, पण अधिवेशने किती दिवस चालवायची ते सरकारच्या हातात. अधिवेशन जितके आखूड, तितका नियम बोथट.

प्रतोद

सहमत, पण मोजणी कडक करणे हा उपाय मला पटत नाही. आरोप सिद्ध झालेला नसताना, स्थानबद्धतेत तर आरोपपत्रही नसताना, केवळ गैरहजेरीच्या जोरावर जागा घालवता आली तर कोणत्याही सरकारला विरोधकांना आत ठेवून पोटनिवडणुका घेता येतील. आणीबाणीत विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत होते. मधू लिमये यांनी १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवण्याच्या निषेधार्थ तुरुंगातून राजीनामा दिला, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. जागा काढून घेणे आणि जागा सोडणे यातले अंतर या नियमाने जपले आहे, आणि ते जपलेच पाहिजे.

समितीकक्ष

दोघांचेही मुद्दे खरे आहेत आणि मधला मार्ग समितीच्या कामातच आहे. तुरुंगवासाच्या कारणावरून रजा नाकारू नये, पण प्रत्येक मंजुरीबरोबर त्या मतदारसंघाचे किती अधिवेशनी दिवस प्रतिनिधीविना गेले, हे अहवालात एकत्रित छापावे. आज ते शोधायला बुलेटिने चाळावी लागतात. बारामुल्ला किंवा खडूर साहिबच्या मतदाराला आपल्या जागेचा हिशेब सहज मिळायला हवा. शिवाय न्यायालयांनी हजेरीच्या अर्जांवर निर्णय देताना ठरावीक कसोट्या सांगाव्यात : कामकाजात काय आहे, मतदान आहे का, गुन्ह्याचे स्वरूप, साक्षीदारांना धोका. आज एका खासदाराला दोन दिवस मिळतात, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला एकही नाही.

वाचकखूण

शेवटची शंका. या काळात वेतन आणि निधीचे काय होते?

तारांकित

वेतन सदस्यत्वाला जोडलेले आहे, हजेरीला नाही. सदस्यत्व आहे तोवर मासिक वेतन चालू. सध्या खासदारांचे ते १,२४,००० रुपये आहे. दैनिक भत्ता मात्र हजेरीवर अवलंबून आहे. तो २,५०० रुपये असून अधिवेशनात हजेरीपटावर सही झाली तरच मिळतो, म्हणून तुरुंगातल्या दिवसांचा मिळत नाही. कस्टडी पॅरोलवर येणाऱ्याने आत गेल्यावर हजेरी नोंदवायला विसरू नये. भत्त्यासाठी नव्हे, साठ दिवसांची मोजणी तुटल्याचा तोच लेखी पुरावा असतो.

स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. खासदार फक्त कामांची शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. आधी शिफारस झालेली कामे त्याच्या अटकेने थांबत नाहीत. थांबतात त्या नव्या शिफारशी, कारण त्या त्याच्याच नावाने जाव्या लागतात. त्यामुळे मतदारसंघात एखादे काम रखडलेले दिसले तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत शिफारस झाली आहे का ते विचारावे. झाली असेल तर उशिराचे उत्तर प्रशासनाकडून मागायचे.